रुखवतातला टेम्पो

“वयनी, काचा हायेत तशा काळ्याच राहू द्या,” माझा धाकटा दीर म्हणाला आणि त्यानं खेळण्यातला टेम्पो माझ्यापुढं टेबलावर ठेवला.

टेम्पो वीतभराहून थोडा लहान होता. पांढरा, मागं उघडा हौदा, अकोटच्या बाजारातून आणलेला. त्याच्या काचा काळ्या होत्या, म्हणजे खरं तर काचा नव्हत्याच. काळ्या प्लॅस्टिकचा एक अखंड तुकडा आतून बसवलेला होता. स्वस्त खेळण्यात असंच असतं. आत सीट नाही, स्टेअरिंग नाही, काहीच नाही, म्हणून काच काळी करून टाकतात. पाहणाऱ्याला वाटतं आत अंधार आहे.

मी पटकन उत्तर देणारी बाई नाही. मी उठून चहा ठेवला. पण चहा उकळेपर्यंत माझं ठरलं होतं की ह्या काचा निघणार. टेम्पो दिरानं आणून दिला असला तरी काम त्याच्या मुलीनं सांगितलं होतं, आणि तिनं सांगितलेलं नेमकं उलट होतं.

हे मी कोणाला वाचायला देणार नाही. माझ्या हातचं सगळं काम घराबाहेर जातं, दुसऱ्यांच्या शोकेसमध्ये बसतं. हे एक काम कसं झालं तेवढं माझ्याजवळ राहावं, म्हणून लिहिते.

आम्ही अमरावतीला राजापेठेत राहतो. खाली नवऱ्याचं नंबर प्लेट आणि रेडियमचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. काही वर्षांपूर्वी मोटारसायकलची नंबर प्लेट करायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं खिशातून बोटभर मोटार काढली आणि विचारलं, हिची पण होईल का? नवरा हसला आणि ती मोटार घेऊन वर आला. बारीक अक्षरं माझ्या हातची चांगली येतात. मी चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षरासाठी मास्तर माझी पाटी वर्गात फिरवत. तांदळाच्या दाण्याएवढी नंबर प्लेट मी करून दिली. पुढच्या खेपेला तोच माणूस समोरची काच फुटलेली गाडी घेऊन आला. अशा लहान गाड्या जमवणारी पुष्कळ माणसं असतात आणि त्यांना काच करून देणारं कोणी मिळत नाही, हे मला तेव्हा समजलं. आता अकोल्याहून, नागपूरहून गाड्या येतात. गिऱ्हाइकांशी नवराच बोलतो. मी वर असते.

काच करायची म्हणजे आधी साचा करावा लागतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा गोळा घासून घासून काचेच्या आकाराचा करायचा, पण केसभर लहान, कारण त्यावर बसणाऱ्या प्लॅस्टिकलाही जाडी असते. प्लॅस्टिक म्हणजे शर्टाच्या खोक्यावर असतं तसलं पारदर्शक झाकण. ते भरतकामाच्या दोन रिंगांमध्ये ताणून बसवायचं आणि गरम तव्यावर अधांतरी धरायचं. ते आधी आक्रसतं, मग थरथरतं आणि मग मधोमध पोट सोडतं, झोळीसारखं. पोट सोडलं की त्याच क्षणी उचलून साच्यावर दाबायचं. लवकर उचललं तर कोपरे भरत नाहीत, उशीर झाला तर बुडबुडे येतात. कधी उचलायचं हे मला कोणी शिकवलं नाही. ज्या हातानं इतकी वर्षं पोळ्या उलटल्या त्याला ते समजतं.

काचेचे दोन वैरी आहेत. एक म्हणजे डोक्याचं तेल. बोट केसाला लागलं आणि तेच काचेला लागलं की डाग आतल्या बाजूला कायमचा बसतो. काचेच्या दिवशी मी स्कार्फ बांधून बसते. दुसरा, झटक्यात चिकटणारा गोंद. त्याची वाफ काचेवर बसते आणि काच पिठाच्या गिरणीतल्या खिडकीसारखी पांढरी होते. मी सुताराचा पांढरा गोंद वापरते. वाळायला वेळ घेतो, पण वाळला की दिसत नाही.

आणि ऊन. मी काच बसवलेली एक गाडी अकोल्याच्या गिऱ्हाइकानं मे महिन्यात आपल्या खऱ्या मोटारीत पुढं ठेवली आणि काच आक्रसून टपकन बाहेर पडली. तेव्हापासून प्रत्येक काच मी आधी पत्र्यावर उन्हात ठेवते. जी टिकते तीच गाडीत जाते. वाळवणाच्या दिवसांत शेजारणी गच्चीवर कुरडया, पापड घालतात आणि त्यांच्या बाजूला माझं ताट असतं.

“काय व माय,” शेजारीण म्हणते, “तुह्या पापडातून तं आरपार दिसते!”

काचांपाठोपाठ देखावे आले. गाडी नुसती ठेवण्यापेक्षा तिच्याभोवती रस्ता, पेट्रोल पंप, चहाची टपरी असावी असं गिऱ्हाइकांना वाटायला लागलं. ते मला अवघड गेलं नाही. माझं माहेर, सासर, दोन्हीकडे भाजीपाला आणि फुलांची शेती. लग्नाआधी आमच्या गावातल्या निम्म्या मुलींचं रुखवत माझ्या हातचं असायचं. कापसाच्या गायी, रव्याची विहीर, सुपारीचे नवरानवरी. हॉलमध्ये टेबलावर मांडलं की वरपक्षाच्या बायका येऊन वाकून वाकून पाहायच्या आणि मी खांबामागं उभी राहून त्यांची तोंडं पाहायची.

पण रुखवत एका दिवसाचं असतं आणि शोकेस वर्षानुवर्षं राहतं, हा फरक मी सुरुवातीला विसरले. एका गिऱ्हाइकाला मी धान्याचा बाजार करून दिला, खऱ्या ज्वारी-तुरीच्या चुरीचे ढीग घालून. वरून पारदर्शक पेटी बंद केली. पावसाळा संपता संपता त्याचा फोन आला, की मोटारीच्या टपावर सोंडे किडे चढलेत आणि आत एक पाखरू उडतंय. नवऱ्यानं हसत हसत मला सांगितलं. मला हसू आलं नाही. आता मी दाणा आधी खरपूस भाजते, रंगवते आणि वरून वार्निश देते. मोहरी म्हणजे टमाटर, काळे तीळ म्हणजे वांगी, रवा लावलेला साबुदाणा म्हणजे फुलकोबी. ह्या मापाच्या गाडीला ती बरोबर बसतात.

आता पुतणीचं. ती दिराची थोरली मुलगी. दिराच्या कमरेचा मणका सरकला त्या हंगामात भाजी अकोल्याच्या मार्केटला न्यायला माणूस मिळेना, तेव्हा ती टेम्पो शिकली. पक्कं लायसन काढलं. तेव्हापासून अकोट ते अकोला माल तीच नेते. पहाटे भरून निघते आणि ऊन चढायच्या आत रिकामा टेम्पो घेऊन घरी येते. दिराची कमर पुढं बरी झाली, पण चावी तिच्याकडेच राहिली.

तिचं लग्न अकोल्याजवळच्या एका घरी ठरलं. काळ्या जमिनीचे जुने शेतकरी, विहिरीवर थोडा झेंडू. मुलगा खत-बियाण्याचं दुकान चालवतो. पाहायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाकाचं विचारलं, शिक्षणाचं विचारलं, शिवणकाम येतं का विचारलं. गाडी चालवते का, हे कोणी विचारलं नाही. दिरानंही सांगितलं नाही.

लग्नाच्या साड्या घ्यायला ती अमरावतीला आली आणि आमच्याकडे उतरली. साड्या पलंगावर टाकून माझ्या टेबलाशी येऊन बसली.

“मोठी आई, रुखवतात मले टेम्पो पायजे.”

“टेम्पो?” मी म्हणाले. “लोकं तं तुळशीवृंदावन करतात.”

“थे सगळ्यायचंच असते. मले आपला टेम्पो पायजे. माल भरलेला. अन् डायवरच्या सीटवर मी.”

“पोराले माहीत हाय?”

“पहिल्याच फोनवर सांगतलं. थो म्हणते, मले चालते. पण घरी आताच नोको सांगू, लग्न झाल्यावर मी हळूहळू सांगतो.”

“मग बरं हाय की.”

“काय बरं हाय?” ती एकदम माझ्याकडे वळली. “हळूहळू म्हणजे कधीच नाई. मी तथी जाईन, पोळ्या लाटीन, अन् वर्षानं चावी मागतली का म्हणतील, हे नवीन कुठून आलं? लपवून ठेवलं म्हणतील. मले चोरासारखं नाई जायचं. जायच्या आधी त्यायनं पाहून घ्यावं.”

“अन् नाई म्हणले तं?”

“तं तोंडावर म्हणतील. मले समजन तरी.” मग तिनं माझ्या ताटातली एक तयार काच उचलली, कडेनं धरून, मी शिकवलं होतं तशी. “अशी पायजे. आतमधी कोण हाय थे दिसाले पायजे.”

मी हो म्हणाले. मी स्वतः असं काही कोणाला सांगू शकले असते असं वाटत नाही. पण काच करायची होती, आणि ती मला येते.

म्हणून दीर टेम्पो घेऊन आला आणि काळ्या काचांचं बोलला, तेव्हा मी चहा ठेवला. चहा पिता पिता तोच बोलत राहिला.

“पोरीची हौस हाय, टेम्पो राहू द्या. काच तेवढी काळी ठेवा. आतमधी कोणी हाय का नाई, कोणाले समजत नाई. रुखवत पाहाले त्यायच्या सगळ्या बाया येतात, वयनी. एखादी काही बोलली अन् मांडवात तमाशा झाला तं? मी काई खोटं बोललो का? त्यायनं इचारलंच नाई.”

नवरा दुकानातून वर आला होता. त्याला कोणाचंच मन मोडवत नाही. दीर गेल्यावर तो मोटारीच्या काचांना लावतात त्या काळ्या फिल्मचा एक तुकडा घेऊन आला.

“याच्यात हलकी बी येते,” तो म्हणाला. “थोडी धुरकट मार. पाहणाऱ्याले दिसन बी, नाई बी. दोघायचं राहीन.”

“धुरकट काच म्हणजे बिघडलेली काच,” मी म्हणाले. “बिघडलेलं काम मी घराबाहेर पाठवत नाई.”

 फिल्मचा तुकडा टेबलावर ठेवून तो खाली गेला.

मी टेम्पो उघडला. काळं प्लॅस्टिक काढलं आणि आत पाहिलं तर नुसती पोकळी. मला ते आवडतं. सीट केली, जुन्या पर्सच्या रेक्झिनची. स्टेअरिंग तारेचं. पुतणीला तार वाकवून आणि नळाची गळती बुजवायची लांबी लावून घडवलं. पिवळी ओढणी कपाळावरून मागं बांधलेली, उजवा कोपर खिडकीत आणि मान थोडी आरशाकडे. ती अशीच बसते. मी तिच्या शेजारी बसून कितीदा अकोल्याला गेले आहे.

समोरची काच त्रासाची होती. टेम्पोची काच मोटारीसारखी पाठीमागं कललेली नसते, सरळ उभी असते, आणि दोन्ही कडांना एकदम वळते. पहिल्या काचेचा कोपरा भरला नाही. दुसरीला बारीक बुडबुडे आले. मग मी साचा कडांना आणखी घासला, तव्याची आच थोडी कमी केली, आणि नंतरची काच साच्यावरून सुटली तेव्हा ती हातात आहे की नाही हे उजेडात धरूनच समजलं. चैत्राचं ऊन तापलेलं होतं. ती दिवसभर पत्र्यावर राहिली आणि जशीच्या तशी परत आली.

हौद्यात मी माल भरला. भाजलेली मोहरी लाल रंगवून क्रेटमध्ये, काळ्या तिळाची वांगी, कोबी, आणि वर दोन मोठी कोहळी. झालं होतं सगळं. फक्त काच चिकटवायची राहिली होती.

त्या दिवशी दीर अमरावतीला पत्रिका वाटायला आला. वर येऊन त्यानं टेम्पो पाहिला, टेबलावर वेगळी ठेवलेली काच पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

“वयनी, मी सांगतलं होतं ना.”

मी फिल्मचा तुकडा त्याच्यापुढं ठेवला. चिमटा ठेवला. मनात कितीदा तरी म्हटलेलं वाक्य शेवटी तोंडातून निघालं.

“लावायची असन तं तुमी लावा, भाऊजी. माह्या हातानं होणार नाई.”

 त्यानं खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, चिमटा घेतला आणि वाकला. वाकला तसाच राहिला.

“वयनी, हा माल कोणं भरला?”

“मी.”

“टमाटरवर कोहळं?” तो जवळजवळ ओरडला. “अकोल्याले पोचेपर्यंत चटणी होईन ना सगळी!”

मी सांगितलं की रुखवतात रंगाचं ते पुढं आणि मोठं ते वर मांडायचं असतं, म्हणजे नजर जाते.

“नजर कायची? माल पाहून हसतील लोकं. अकोल्याची माणसं हायेत ती, रोज मार्केट पाहातात.” त्यानं खुर्ची ओढली. “जड माल खाली, कॅबिनच्या अंगाले. कोबी त्याच्यावर. वांगे पोत्यात भरा, असे मोकळे नाई नेत. टमाटरचे क्रेट मांगून शेवटी, म्हणजे आधी उतरतात. अन् सांबार कुठं हाय?”

सांबार म्हणजे कोथिंबीर. ती मी केलीच नव्हती. मी वाळलेल्या शेवाळाचा चुरा काढला, हिरवा रंगवला, दोऱ्यानं जुड्या बांधल्या. तो चिमट्यानं एकेक कोहळं उचलून खाली ठेवत होता. त्याची बोटं जाड, नखात माती, पण एकही क्रेट त्यानं हलू दिला नाही. जुड्या झाल्यावर त्यानं त्या सगळ्यांत वर रचल्या आणि ओलं पोतं म्हणून माझ्या साडीच्या फॉलचा तुकडा पाण्यात बुडवून त्यांच्यावर टाकायला निघाला. नुसता टाका, भिजवू नका, असं मला सांगावं लागलं.

“अन् मांगच्या फळीले दोरी अशी नाई बांधत,” तो म्हणाला. “थे पोट्टी दुहेरी गाठ मारते. एकदा मारली का अकोल्यापर्यंत पाहायचं काम नाई.”

 मग त्यानं टेम्पो हळूच आपल्याकडे फिरवला आणि काच नसलेल्या जागेतून आत पाहिलं.

“आरशात पाहून राहिली.”

“हो.”

“असंच पाहाते. बाकीचे हॉर्न मारतात, हे आरशात पाहाते.”

चहाचा कप तसाच निवून गेला होता. त्यानं तो एका घोटात संपवला, पत्रिकांची पिशवी उचलली आणि निघाला. फिल्म टेबलावर होती तिथंच राहिली. जिन्यावरून त्याचा आवाज आला.

“काचेचं तुमी पाहा, वयनी.”

मी स्कार्फ बांधला आणि त्याच दुपारी काच बसवली.

लग्न अकोटला होतं. रुखवताचं टेबल हॉलच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला. माझ्या जावेनं लाडू, अनारसे, करंज्यांची ताटं लावली, उशांचे अभ्रे मांडले आणि मधोमध टेम्पो. खाली मी काळ्या डांबरी रस्त्याचा तुकडा केला होता, कडेला एक बाभूळ.

वरपक्षाच्या बायका आल्या. पुढं विहीणबाई. उंच, सडपातळ बाई, घोगरा आवाज, आणि प्रत्येक वस्तू उचलून खालून पाहायची सवय. अभ्रे उलटे करून त्यांनी टाके पाहिले. करंजी हातात घेऊन कड पाहिली. मग टेम्पोशी आल्या. तो मात्र त्यांनी उचलला नाही. वाकल्या. हॉलच्या सगळ्या ट्यूबलाइट काचेवर चमकत होत्या, त्यांना आतलं दिसेना. त्यांनी पदर पुढं ओढून काचेवर सावली धरली.

“हे कोण हाय आतमधी?”

जाऊ लाडवांची ताटली पुन्हा सरळ करू लागली. दीर दाराशी पाहुण्यांना गंध लावत होता, त्याचा हात थांबला. मी नेहमीसारखी खांबाजवळ होते. बायकांच्या घोळक्यात मी कधी पुढं होऊन बोलले नव्हते. पण काच माझी होती आणि त्या तिच्यातूनच विचारत होत्या.

मी टेबलाशी गेले. “तुमची सून,” मी म्हणाले. “टेम्पो तिच्या घरचाच हाय. अकोल्याच्या मार्केटले माल तीच घेऊन जाते.”

“अवं माय!” मागून त्यांच्या नणंदेचा आवाज आला. “सून आणून राहिलो का डायवर?”

बायका हसल्या. विहीणबाईंनी मान वर केली नाही.

“थांब व, पाहू दे जरा.” मग मला म्हणाल्या, “वांगे कायचे हायेत?”

“काळ्या तिळाचे.”

“अन् टमाटर?”

“मोहरी. भाजून रंगवली.”

“हं.” त्यांनी पुन्हा कॅबिनमध्ये पाहिलं. “बाजूची सीट रिकामी?”

“एकटीच जाते.”

“पहाटचं?”

“हो.”

त्या उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि पुढच्या ताटाकडे गेल्या. बस, एवढंच.

मी नवरीच्या खोलीत गेले. ती बाशिंग बांधून बसली होती, तिला मान वळवता येत नव्हती.

“काय म्हणल्या?” तिनं समोर पाहतच विचारलं.

“वांगे कायचे, इचारलं.”

“बस?”

“बस.”

“पण पाहिलं ना आतमधी?”

“पदर धरून पाहिलं. अन् मी सांगतलं, तुमची सून म्हणून.”

“तू सांगतलं?” ती हसली तशा मुंडावळ्या हलल्या. “मग झालं, मोठी आई. आता कोणी लपवलं म्हणू शकत नाई.”

निघताना रुखवताचं सामान त्यांच्या गाडीत भरलं जात होतं. मी टेम्पोचं खोकं मागच्या डिकीत ठेवायला दिलं तर विहीणबाई म्हणाल्या, “तथी नोको. ढकलाढकलीत फुटन. आणा इकडं, मांडीवर ठेवीन.”

मग किती तरी महिने काही झालं नाही. पुतणी फोन करायची. सगळे चांगले आहेत म्हणायची. टेम्पो टीव्हीच्या बाजूला शोकेसमध्ये आहे, आल्यागेल्याला सासूबाई दाखवतात, वांगी तिळाची आहेत म्हणून सांगतात. त्यांच्या दारात एक पिकअप उभी असते, ती गावातला एक माणूस चालवतो. चावी खिळ्याला असते.

“मागतली नाई का तू?” मी विचारलं.

“एकदा मागतली. सासरे म्हणले, पाहू. नाई म्हणले नाईत.” मग म्हणाली, “पाहून राहिली मी बी.”

माझी जाऊ म्हणायची, एवढं सगळं करून काय फायदा झाला?  काळी काच असती तर ‘पाहू’ म्हणायलाही कोणाला काही दिसलं नसतं, असं मला वाटायचं.

दसरा आला. त्यांचा झेंडू सगळा एकदम उमलला. तोडून अंगणात ढीग घातला आणि तेव्हाच तो गाडी चालवणारा माणूस नवरात्राच्या जेवणाला सासुरवाडीला गेला तो आला नाही. सासऱ्यांनी गावात दोन-तीन दारं पाहिली. मुलगा दुकानात. दसऱ्याचा झेंडू दसरा झाल्यावर कोणी घेत नाही. पुढचं पुतणीनं मला फोनवर सांगितलं. ती पोतं शिवत होती. सासूबाई घरात गेल्या, खिळ्यावरची चावी काढली, आणि तिच्यापुढं धरून म्हणाल्या, “चाल, काढ गाडी. मी येतो तुह्याबरोबर. फुलायचा भाव मी करीन, तुले जमणार नाई.”

तेव्हापासून त्या दोघीच जातात.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी खाली नवऱ्याची हाक आली. मी गॅलरीत गेले. राजापेठेच्या गर्दीत, स्कुटींच्या आणि क्लासला निघालेल्या पोरींच्या मधून एक पिकअप उलटी आमच्या गल्लीत येत होती. हॉर्न नाही. खिडकीतून फक्त एक कोपर आणि पिवळी ओढणी दिसत होती. गाडी दुकानासमोर भिंतीला लागून उभी राहिली. दुसऱ्या बाजूनं विहीणबाई उतरल्या. त्यांच्या हातात तेच खोकं होतं.

वर येऊन पाणी पिऊन त्यांनी खोकं उघडलं. टेम्पो जसाच्या तसा होता, काचेवर एक बोटही उमटलेलं नव्हतं.

“खराबी काई नाई,” त्या म्हणाल्या. “पण हे अर्धंच हाय. लोकं पाहातात अन् म्हणतात, सून एकटीच जाते का? मले बसवून देजा बाजूले.”

पुतणी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होती.

“लुगडं हिरवं,” त्या सांगत होत्या, “मांडीवर पिशवी. अन् झोपलेली नोको दाखवू.”

“झोपतेच तं तुमी!” पुतणी म्हणाली. “गाव सुटलं का डोळे मिटतात, मार्केट आलं का उघडतात.”

“मी झोपत नाई. डोळे मिटून भावाचा इचार करतो.”

पांढऱ्या गोंदानं बसवलेली काच न मोडता निघत नाही. त्या पुढच्या खोलीत नवऱ्याशी बोलत असताना मी पात्यानं कड कापली आणि काच मोडून बाहेर काढली. वाईट वाटलं नाही. साचा माझ्याकडे आहे. दुसरी काच एकाच खेपेत झाली. दिवाळीनंतरचं ऊन ते, पण पत्र्यावर तापेल तेवढी तापवली.

शेजारच्या सीटवर मी विहीणबाईंना बसवलं. हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीतून झेंडूचा एक ठिपका दिसतो. सुईच्या टोकानं डोळे काढले, उघडे. मान मात्र मी जराशी खिडकीकडे कलती ठेवली. काच आरपार आहे. पदर धरून नीट पाहिलं तर समजतं.